ज्याची जमीन जात नाही, त्याची हरकत

"तुमचा सर्व्हे नंबर यादीत नाही. मग हरकत कशाची?"

टेबलामागच्या कारकुनाने हे विचारले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर लोकांचे अर्ज घेऊन तो थकला होता, आणि त्याच्या समोरच्या यादीत आमच्या शेताचा नंबर खरोखरच नव्हता. माझ्या शेजारी आबा उभे होते. त्यांचा नंबर यादीत होता. एक एकर दोन गुंठ्यांपैकी त्यांचे बावीस गुंठे बेळगाव शहराभोवती आखलेल्या रिंगरोडमध्ये जाणार होते, म्हणून त्यांचा अर्ज ठप्पा मारून आत घेतला गेला आणि माझा टेबलावरच राहिला. आबा आमचे भाऊबंद नव्हेत, आमच्या बांधाचे शेजारी आहेत. त्यांच्या शेताची खालची हद्द तीच आमच्या शेताची वरची हद्द. त्या दुपारी मला त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही. परत येताना बसमध्ये आबा एवढेच म्हणाले, "तुझं रान जात न्हाई, खरं पाणी कुठनं येणार?"

त्या एका वाक्यात जे होते ते कागदावर उतरवायला मला पुढे बरेच महिने लागले.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात आहे. वर राकसकोप जलाशय, ज्याचे पाणी सहा दशकांपासून बेळगाव शहर पिते, आणि खाली नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली भातशेती. गावाची जमीन दोन जातींची आहे. चढावरची लाल माती रताळ्यांची, आणि उताराच्या पायथ्याची काळपट, चिकट जमीन भाताची. बेळगावच्या बाजार समितीत नवरात्राच्या आधी रताळ्यांच्या पोत्यांच्या ज्या थप्प्या लागतात, त्यांतली पुष्कळ पोती आमच्या या पश्चिम पट्ट्यातल्या माळांवरून आलेली असतात. भाताचे तसे नाही. त्यातले बरेचसे घरात खाण्यासाठीच राहते, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल बोलताना गावातल्या माणसाचा आवाज थोडा बदलतो.

आमची खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी आहेत. सगळ्यांत वर आबांचे शेत, त्याखाली आमचे, आमच्याखाली आणखी दोघांची, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे नदी. प्रत्येक बांधाला पाणी सोडण्यासाठी एक तोंड ठेवलेले असते. आबांच्या बांधाचे तोंड एका चपट्या काळ्या दगडाने आणि गवतासकट उपटलेल्या मातीने बुजवलेले असते. तो दगड माझ्या लहानपणापासून तोच आहे, आणि त्याची एक कड पाण्याने झिजून गुळगुळीत झाली आहे. पाऊस जास्त झाला की दगड बाजूला होतो, पाणी आमच्याकडे उतरते आणि आमच्याकडून पुढे जाते. पाऊस ओढ देऊ लागला की दगड परत जागेवर बसतो, आणि मग कोणी किती पाणी धरून ठेवायचे याचा हिशेब सुरू होतो. हा हिशेब कुठेही लिहिलेला नाही. आबा बांधाला हात लावून पाण्याची उंची बोटांनी मोजतात. चार बोटे राहिली की पुढच्याला द्यायचे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम.

एका वर्षी हस्त नक्षत्र कोरडे गेले. आमचे भात पोटरीत आले होते आणि खाचराला भेगा पडू लागल्या होत्या. आबांच्या शेतात तेव्हा जेमतेम तीन बोटे पाणी होते, म्हणजे नियमाने त्यांनी ते सोडायला नको होते. पहाटे वडील शेतावर गेले तेव्हा आमच्या वरच्या खाचरात पाणी पसरलेले होते आणि दगड बांधावर ओला पडला होता. आबांनी रात्रीत येऊन तोंड उघडले होते, निम्मे पाणी सोडले होते आणि मातीने ते पुन्हा बुजवले होते. त्याबद्दल दोन्ही घरांत पुढे कधीही बोलणे झाले नाही. वडिलांनी त्या सुगीला आबांच्या मळणीला आमचे दोन गडी दोन दिवस पाठवले, एवढेच.

हे सगळे मी इतक्या विस्ताराने सांगतो आहे, कारण भूसंपादनाच्या कागदात शेत असते ते असे नसते. तिथे सर्व्हे नंबर असतो, हिस्सा असतो, क्षेत्र असते, आणि खातेदाराचे नाव असते. प्रत्येक नंबर वेगळा, सुटा, जणू एखाद्या पेटीतला. वरच्या नंबरावर भराव पडला तर खालच्या नंबराचे काय होते, हे विचारायला त्या तक्त्यात रकानाच नाही.

रिंगरोडच्या आखणीत बेळगाव तालुक्यातली तीसहून अधिक गावे आली. अधिसूचना राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 खाली निघाली, आणि या कायद्याचा क्रम असा आहे की कलम 3अ प्रमाणे जमीन संपादन करण्याचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध होतो, त्यानंतर 21 दिवसांत त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही लेखी हरकत घेता येते, सक्षम अधिकारी त्याला म्हणणे मांडायची संधी देतो, आणि हरकती फेटाळल्या गेल्या तर कलम 3ड प्रमाणे घोषणा होऊन जमीन सगळ्या बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते. त्यानंतर जे उरते ते फक्त मोबदल्याचे भांडण. म्हणजे शेतकऱ्याला "नको" म्हणण्यासाठी सबंध कायद्यात जी एक फट आहे ती 21 दिवसांची आहे, आणि हे 21 दिवस राजपत्रात छापले गेल्या दिवसापासून मोजले जातात. शेतकऱ्याला कळल्या दिवसापासून ते मोजले जात नाहीत.

याच कायद्यात असेही म्हटले आहे की अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला पाहिजे आणि त्यांपैकी एक वृत्तपत्र प्रादेशिक भाषेतले असले पाहिजे. प्रादेशिक भाषा हा शब्द बंगळूरमध्ये किंवा पुण्यात वाचला तर सरळ आहे. आमच्याकडे तो सरळ नाही. ज्या गावांतून रस्ता जाणार आहे त्यांतल्या बहुतेक घरांत मराठी बोलली जाते, घराघरांत मराठी वर्तमानपत्र येते, आणि आजही साठीच्या पुढची माणसे, विशेषतः बायका, कन्नड लिपी वाचू शकत नाहीत. माझ्या पिढीने शाळेत कन्नड शिकली आणि मला ती नीट वाचता-लिहिता येते, त्याबद्दल मला कोणताही संकोच नाही. पण आपले शेत जाते आहे हे कळण्यासाठी आबांना नातवाची वाट पाहावी लागावी, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. नातू कामावरून संध्याकाळी आला, देवळाच्या कट्ट्यावर बसून त्याने यादी मोठ्याने वाचली, आणि प्रत्येक नंबर उच्चारल्यावर गर्दीतून कोणीतरी "हां" म्हणत होते. सर्व्हे नंबर ऐकून आपला बांध ओळखणारी माणसे होती ती. त्या संध्याकाळपर्यंत 21 पैकी बरेच दिवस होऊन गेले होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आमच्या गावाने हरकती मराठीत लिहिल्या. तालुका महाराष्ट्र एकीकरण समितीने वकिलांची मदत मिळवून दिली, गावोगावी अर्ज भरून घेतले, आणि ज्यांना आपल्या हरकतीतले वाक्य सुचत नव्हते त्यांना ते सुचवले. ते काम मी जवळून पाहिले. सही करता न येणाऱ्या एका आजीने अंगठा उठवण्याआधी अर्ज तीन वेळा वाचून घेतला होता. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आंब्याचं झाड लिवलं न्हाईसा." मग कडेला आंब्याचे झाड लिहिले गेले.

आबांच्या कागदांत मात्र वेगळाच गुंता निघाला. पहाणीवर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, अजून त्यांच्या वडिलांचे नाव होते. वारस नोंद करायची राहून गेली होती. चार भाऊ, दोन बहिणी, त्यांतला एक भाऊ वारलेला आणि एक बहीण पलीकडे चंदगड तालुक्यात दिलेली. ज्या जमिनीवर इतकी वर्षे कोणी वाटणीचा शब्द काढला नव्हता, तिच्यावर मोबदल्याची गोष्ट निघताच पहिल्यांदा "माझा हिस्सा किती" हा प्रश्न आला. त्यात कोणाची चूक आहे असे मी म्हणणार नाही. जमीन आहे तोवर ती कसणाऱ्याची असते आणि बाकीच्यांना वर्षाकाठी भाताचे एक पोते पोहोचले की नाते टिकते. जमिनीचा पैसा झाला की त्याला कसणारा कोणी नसतो, फक्त वाटेकरी असतात.

आबांच्या वडिलांकडे ती जमीन कशी आली हेही सांगितले पाहिजे. ते कूळ होते. 1 मार्च 1974 रोजी कर्नाटकात कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या आणि कुळांनी फॉर्म नंबर 7 भरून त्यांवर हक्क सांगितला. आबांच्या वडिलांनी ट्रिब्युनलपुढे कितीतरी तारखांना चालत जाऊन तो हक्क मिळवला. त्या निकालाचा कागद आबांनी पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर कापडाची पट्टी लावून जपला आहे. घड्या फाटू नयेत म्हणून ते तो कागद उलगडत नाहीत, पेटीतच तिरका करून दाखवतात. सरकारने ही जमीन कसणाऱ्याची आहे असे त्या कागदावर लिहून दिले, आणि पन्नास वर्षेही झाली नव्हती तोच त्याच जमिनीचा नंबर राजपत्रात आला.

नोव्हेंबर 2022 मध्ये बेळगावात रिंगरोडविरोधी चाबूक मोर्चा निघाला. शेतकऱ्यांनी बैलगाडीचे चाबूक हातात घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर जायचे, असे ठरले होते. आबांनी बैल कधीच विकले होते, पण चाबूक गोठ्याच्या खुंटीला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी तो काढला. चामडे वाळून काठीसारखे ताठ झाले होते. त्यांनी त्याला खोबरेल तेल चोळले, मग उन्हाळ्यात बी साठवण्याच्या कणगीवर तो रात्रभर आडवा ठेवला. सकाळी तो वाकू लागला होता. मोर्चात आम्ही दोघे बरोबर चाललो. आमच्या पुढे-मागे ज्यांचे नंबर यादीत होते ते आणि ज्यांचे नव्हते ते असे सगळे मिसळून चालत होते, आणि त्या दिवशी कोणीही कोणाला सर्व्हे नंबर विचारला नाही.

रस्त्याची गरजच नाही असे मी म्हणत नाही. बेळगाव पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, गोव्याकडे जाणारी अवजड वाहतूक शहराच्या रस्त्यांवरून जाते, आणि या वाहनांखाली माणसे गेलेली आहेत. त्यांत शाळकरी मुलेही आहेत. शहरात राहणाऱ्या माझ्या मित्रांना ट्रक शहराबाहेर गेलेले हवे आहेत, आणि ते मला रास्त वाटते. प्रश्न आखणीचा आहे. 60 मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एका किलोमीटरला 6 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 15 एकर जमीन लागते. आमच्या बाजूला दीड-दोन एकरांचा शेतकरी बऱ्यापैकी मानला जातो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे आठ-दहा घरांची सबंध शेती, किंवा प्रत्यक्षात घडते तसे, तीस-चाळीस घरांच्या शेतीचे लचके. लचका हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. रस्ता बांधांना समांतर जात नाही, तो त्यांना तिरका कापतो. आबांचे बावीस गुंठे गेल्यावर जे वीस गुंठे राहतात ते दोन त्रिकोण आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना. पलीकडच्या त्रिकोणात पॉवर टिलर न्यायचा तर किती लांबून वळसा घ्यावा लागेल हे नकाशात दिसत नाही, आणि त्रिकोणी खाचरात औत धड फिरत नाही हे तर नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असायचे कारणच नाही.

माझी आत्या वडगावला दिलेली आहे. तिकडचे शिवार आमच्यापेक्षा वेगळे. शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर या पट्ट्यातली काळी जमीन बेळगाव बासमतीसाठी प्रसिद्ध होती आणि थोड्याफार प्रमाणात अजूनही आहे. कापणीच्या दिवसांत त्या बांधांवरून चालताना भाताचा वास कपड्यांना लागायचा, घरी आल्यावर आई ओळखायची की आम्ही आत्याकडे जाऊन आलो. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. एक थेंबही पाणी न देता ही पिके येतात, कारण ती जमीन पावसाळ्याचे पाणी हिवाळ्यापर्यंत पोटात धरून ठेवते. याच शिवारातून हलगा-मच्छे बायपासची आखणी झाली. त्या लढ्याला दहा वर्षांहून अधिक काळ झाला आहे. शेतकरी न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, उठली, परत मिळाली. रस्त्याचा झिरो पॉइंट, म्हणजे तो जिथून मोजायचा ती जागा, नेमका कुठे, शहरातल्या फिश मार्केटपाशी की हलग्याला, यावर वर्षानुवर्षे युक्तिवाद झाले. नोव्हेंबर 2021 मध्ये पोलीस बंदोबस्तात यंत्रे शिवारात उतरली तेव्हा सुगीचे दिवस होते.

आत्याचे शेत त्या आखणीत नव्हते, आमच्यासारखेच. पण त्या शिवारातून बळ्ळारी नाला जातो, आणि त्या नाल्याची गोष्ट तिकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. शहराचे सांडपाणी त्यात येते, गाळाने पात्र भरते, पावसाळ्यात पाणी शेतांत शिरते आणि दिवसेंदिवस उतरत नाही. महामार्गाच्या भरावाने पाण्याची वाट अडली आहे, नाल्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या आहेत, हे ते किती वर्षे सांगत आले आहेत. एका जुलैत मी आत्याकडे गेलो तेव्हा तिने मला बांधावर नेले. नुकतेच लावलेले रोप पाण्याखाली होते आणि पाण्यावर शहरातून आलेला तेलकट तवंग होता. आत्या वाकली, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, एक रोप उपटून काढले आणि त्याच्या कुजलेल्या मुळाचा मला वास दिला. ती काही बोलली नाही. भराव शेजाऱ्याच्या नंबरात पडतो आणि मुळे आपल्या नंबरात कुजतात, हे मी त्या दिवशी पाहिले होते. कारकुनाने विचारले तेव्हा माझ्या जिभेवर ते आले नाही, एवढेच.

गावात सगळेच विरोधात आहेत असे चित्र मी रंगवणार नाही. माझा चुलतभाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो. भट्टीसमोर आठ तास उभा राहून तो घरी येतो, आणि रविवारी भांगलणीला जा म्हटले की त्याला ते नको वाटते. "भातानं काय मिळतंय, दादा?" असे तो मला सरळ विचारतो, आणि खत, मजुरी, टिलरचे भाडे वजा जाता हातात काय राहते ते मलाही ठाऊक असल्यामुळे मी त्याच्याशी वाद घालू शकत नाही. त्याला मोबदला मिळाला तर घर पुरे करायचे आहे. ते चूक नाही. फक्त त्याला मी एक गोष्ट दाखवली, आणि तीच मला रस्त्यापेक्षाही मोठी वाटते. रस्ता 60 मीटरवर थांबेल, पण त्याच्यामागून येणारे प्लॉटिंग थांबणार नाही. 2020 मध्ये कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमे काढून टाकली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही आता शेतजमीन विकत घेता येते. आखणीची बातमी येताच गावात अनोळखी गाड्या येऊ लागल्या होत्या. माळावर, रताळ्यांच्या रानात, पांढऱ्या रंगाचे दगड उभे राहिले, मधून मुरमाचा रस्ता टाकला गेला, आणि वेल लावायच्या दिवसांत ते रान तसेच पडून राहिले. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा निदान नंबर छापून येतो. प्लॉटिंगमध्ये गेलेल्या जमिनीची यादी कोणी देवळाच्या कट्ट्यावर वाचत नाही.

आणि त्या रानात वेल लावणाऱ्या बायका. आषाढ-श्रावणात त्या सात-आठ जणींच्या टोळीने येतात, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात वेलाचे तुकडे. एकीने सरीच्या वरंब्याला बोटाने भोक पाडायचे, दुसरीने वेल खोचून मुठीने माती दाबायची. दाबताना त्या अंगठा आत घेतात, नाहीतर लाल मातीतले खडे नखात जातात. यांतल्या निम्म्या बायकांच्या घरी गुंठाभरही जमीन नाही. त्या कोणत्याही पहाणीवर नाहीत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या करताना शेतमजुरांचाही उल्लेख आहे. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात काम करून ज्यांची उपजीविका मुख्यतः त्यावर चालली ते कुटुंब बाधित धरले जाते. पण तीन वर्षे काम केल्याचा पुरावा कुठून आणायचा? मजुरी रोख मिळते, हजेरी मालकाच्या तोंडी असते. शिवाय या कायद्यातला सामाजिक परिणामांच्या अभ्यासाचा जो भाग, ज्यात या बायकांना कोणीतरी येऊन विचारले असते, तो महामार्गासाठीच्या संपादनाला लागू नाही. मी त्यांतल्या एकीला विचारले की मामी, तुम्ही हरकत देणार का. तिने मला उलट विचारले, "कशावर देऊ? माझं काय हाय तिथं?" तिचे तिथे काय आहे हे मला सांगता येत होते, पण ते कोणत्या कलमाखाली लिहायचे ते सांगता येत नव्हते.

हा विरोध म्हणजे सीमाभागातले राजकारण आहे, मराठी माणसांचा विकासाला अडथळा आहे, असेही म्हटले जाते. 1956 पासून आमच्या प्रत्येक मागणीकडे त्याच चष्म्यातून पाहिले गेले आहे, आणि मी ज्या समितीचे काम वर सांगितले ती त्याच लढ्यातून आलेली आहे, हे मी लपवत नाही. पण हलगा, बस्तवाड या गावांत कन्नड बोलणारे शेतकरीही आहेत, त्यांनीही जमिनी दिल्या आहेत, आणि बायपासच्या आंदोलनात रयत संघ या कर्नाटकातल्या शेतकरी संघटनेचे हिरवे उपरणे घेतलेली माणसे आमच्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. हलग्याच्या टेकाडावर सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, उभे आहे. 11 ऑक्टोबर 2012 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हिवाळी अधिवेशनाचे दहा-बारा दिवस ती वास्तू गजबजते. त्या दिवसांत तिच्या समोर जे तंबू पडतात त्यांत आपल्या जमिनीचे गाऱ्हाणे घेऊन बसलेला शेतकरी कोणत्या भाषेत घोषणा देतो, यावरून त्याच्या मातीची जात बदलत नाही.

कारकुनाच्या प्रश्नाचे उत्तर मला शेवटी एका वकिलांनी दिले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, दगडाचे आणि चार बोटांचेसुद्धा, आणि मग म्हणाले की याला कायद्यात नाव आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून आपल्या जमिनीसाठी पाणी किंवा वाट मिळण्याचा हक्क म्हणजे वहिवाटीचा हक्क. 1882 च्या कायद्याप्रमाणे सलग 20 वर्षे उघडपणे आणि विनाअडथळा उपभोग घेतला की तो पक्का होतो, आणि 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्यापासून 2013 च्या कायद्यापर्यंत, जमिनीवर असा हक्क असलेला माणूस हितसंबंधित मानला गेला आहे. महामार्गाच्या कायद्यातला हितसंबंधित हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा, असे आपण म्हणू, असे ते म्हणाले. मी त्या रात्री अर्ज नव्याने लिहिला. पाणी कुठून येते, कुठे जाते, तोंड कोणत्या बांधाला आहे, ते किती पिढ्या आहे, भराव पडल्यावर पावसाळ्यात ते कुठे तुंबेल आणि आश्विनात कुठे पोहोचणार नाही, हे सगळे लिहिले. शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. आबांनी सही केली आणि खाली, कोणी न सांगता, आपल्या वडिलांचे नावही लिहिले.

सुनावणीच्या दिवशी अधिकारी तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी आबांना खुर्ची दिली. आबा मराठीत बोलले, मी जिथे लागेल तिथे कन्नडमध्ये सांगितले. आबांनी टेबलावर चार बोटे आडवी ठेवून पाण्याची उंची दाखवली तेव्हा अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवून ती पाहिली. मग माझी पाळी आली. मी बोललो, आणि लिहून घेणाऱ्याने माझे म्हणणे कन्नडमध्ये नोंदवून कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. त्यावर दोन ओळी होत्या. अर्जदाराची जमीन संपादनात येत नाही. अर्जदाराचा रस्त्याला विरोध आहे.

मी म्हटले, यात पाण्याचे आलेले नाही.

तो म्हणाला, अर्जात आहे ना, अर्ज फाइलला लागेल.

मी पेन उचलले नाही. बाहेर रांग होती, मागच्या माणसाने खोकून घेतले, आणि आबा खुर्चीवरून माझ्याकडे पाहत होते. अधिकाऱ्यांनी मान हलवली तेव्हा त्याने कागद परत ओढून घेतला आणि दोन ओळींखाली, जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात, लिहिले की अर्जदाराच्या शेतात संपादित होणाऱ्या जमिनीतून पाणी येते. मी ती ओळ एकदा कन्नडमध्ये मोठ्याने वाचली, एकदा आबांना मराठीत सांगितली, आणि तिच्याखाली सही केली.